कापलेली दांडी

वीस दिरहमच्या कागदी नोटेवर शिडांसारख्या छपराची पांढरी इमारत आहे ना, तो आमच्या देरातला, खाडीकाठचा गोल्फ क्लब. १९९३ मध्ये सुरू झाला. कित्येक वर्षं आम्ही तो लांबूनच बघत होतो. आत पाऊल पडलं ते गेल्या वर्षी, चिरंजीवांमुळे. वय वर्षं दहा. मित्राबरोबर एकदा ड्रायव्हिंग रेंजवर गेला आणि घरी येऊन जाहीर केलं, क्रिकेट बंद, आता गोल्फ.

गोल्फ म्हणजे खिशाला कात्री. त्यामुळे यांच्या ऑफिसातले एक गृहस्थ भारतात परतताना आपला जुना सेट देऊन गेले, तेव्हा आम्हाला लॉटरीच लागली. त्यातले चार क्लब मुलाच्या उंचीला कापून आणले, नव्या मुठी बसवल्या. पैसे वाचले म्हणून मी श्रीखंडही केलं!

तीन महिन्यांत उत्साह ओसरला. मित्राचा चेंडू छान उंच जायचा. याचा कधी उजवीकडे, कधी जमिनीलगत, एखादाच बरा. घरी येऊन तळवे चोळत बसायचा. "हाताला झिणझिण्या येतात गं." मी म्हणायचे, "लक्ष नाही तुझं." सहा वर्षं शाळेत शिकवलंय मी. प्रगतिपुस्तकात 'लक्ष कमी पडते' हा शेरा किती मुलांना दिला असेल, मोजदाद नाही. एका रात्री त्याने बॅग पलंगाखाली ढकलली. "मला नाहीच येत." हे वाक्य त्याच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं.

डिसेंबरात माझे सासरे, आबा, व्हिजिट व्हिसावर आले. चिंचवडच्या कारखान्यात तीस वर्षं टर्नर. पलंगाखाली चपला शोधताना त्यांना बॅग सापडली. त्यांनी क्लब हातात तोलला, शाफ्टवर, म्हणजे दांडीवर, नख वाजवलं आणि विचारलं, "कापलाय का हा?"

मग मित्राचा ज्युनिअर क्लब मागून आणला. मूठ डायनिंग टेबलाच्या कडेला मी दाबून धरायची आणि दुसऱ्या टोकाला किलोभर साखरेची पुडी टांगायची, असा प्रयोग झाला. मित्राचा क्लब चार बोटं वाकला, आमचा जेमतेम दीड. स्वयंपाकघरातल्या काट्यावर आमचा शंभरेक ग्रॅम जड भरला. "अगं, नळी आखूड केली की ताठ होते," आबा म्हणाले. एकसारख्या जाडीच्या नळीचं वाकणं लांबीच्या घनाप्रमाणे बदलतं. सदतीस इंचांची तीस केली, की तेवढ्याच वजनाला ती जवळपास निम्मीच वाकते. गोल्फची दांडी मुठीकडे जाड आणि खाली बारीक, म्हणून हिशेब तंतोतंत लागू नाही, पण दिशा तीच. शिवाय पोलाद मोठ्यांच्या मापाचं, खालचं डोकंही मोठ्यांचंच.

त्यानंतर मी वाचायला बसले, मास्तरणीची खोड. पूर्वी या दांड्या हिकरी नावाच्या लाकडाच्या असत, अमेरिकेत कुऱ्हाडीचे दांडे करतात तेच. ("म्हणजे आपला धावडा!" इति आबा.) ब्रिटनमध्ये पोलादी दांडीला नियमाने परवानगी मिळाली १९२९ मध्ये आणि कार्बनच्या धाग्यांची हलकी ग्रॅफाइट दांडी १९७० च्या सुमारास आली. ताठपणासाठी आर, एस, एक्स अशी अक्षरं असतात, पण सगळ्यांचं एक माप नाही. एका कंपनीचा आर दुसरीच्या एसइतका ताठ निघू शकतो. पंजाबी ड्रेसच्या साइझसारखंच की हे!

लवचीक दांडी गोफणीसारखा चेंडू भिरकावते, असा माझा समज होता. तो चुकीचा निघाला. चेंडू किती लांब जाणार हे मुख्यतः डोक्याच्या वेगावर आणि चेंडू मधोमध बसण्यावर ठरतं. मात्र चेंडूला लागण्याआधी दांडी किंचित पुढे वाकते, त्यामुळे क्लबचं तोंड थोडं वर होतं आणि चेंडू उठतो. लहान मुलाच्या संथ हाताला ताठ दांडी फारशी वाकतच नाही. वर जड क्लब ओढताना मनगटं मागे पडतात, तोंड उघडं राहतं, चेंडू उजवीकडे. दमलेला हात प्रत्येक वेळी वेगळा येतो, मग सातत्य कुठलं? आणि झिणझिण्या? चेंडू आणि क्लब एकमेकांना सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाइतकेच चिकटून असतात. हाताला ठोका कळतो तोवर चेंडू निघून गेलेला असतो. चुकीच्या जागी बसलेल्या फटक्याचा हादरा मात्र पोलादी दांडीतून थेट तळव्यात येतो. तो मुलगा तीन महिने मला हेच सांगत होता.

भिशीच्या पैशांतून ग्रॅफाइटचे तीन ज्युनिअर क्लब घेतले. पहिल्या संध्याकाळी आबा रेंजवर बाकावर बसले होते, मफलर गुंडाळून, देरातल्या थंडीतसुद्धा! आठवा की नववा चेंडू उंच उठला आणि सरळ गेला. नंतरचे दोन पुन्हा उजवीकडे गेले. सगळंच काही दांडीवर नसतं.

परतताना मेट्रोत मी त्याला म्हटलं, "चूक तुझी नव्हती रे."

"मग तू ओरडलीस का?"

आबा खिडकीबाहेर बघत राहिले. मी त्याला सॉरी म्हटलं. पुढच्या स्टेशनाला त्याने आपली बॅग माझ्या खांद्यावरून काढून घेतली. "हलकी आहे आता," म्हणाला.