क्रियापद येऊ द्या

धानोरा तालुक्यातल्या ग्रामसभांमध्ये मी दुभाष्याचं काम करतो. गोंडीचं मराठी, मराठीचं गोंडी. बाहेरून येणाऱ्यांना हे सोपं वाटतं आणि वाक्याच्या मांडणीपुरतं ते खरंही आहे. गोंडी द्राविडी कुळातली, मराठी आर्य कुळातली. तरी दोघींत आधी कर्ता, मग कर्म, शेवटी क्रियापद. शब्द फारसे हलवावे लागत नाहीत. कस लागतो तो शेवटच्या शब्दाशी.

'वायका' म्हणजे मी येईन, 'वायोन' म्हणजे मी येणार नाही. गावोगावी उच्चार थोडे बदलतात, पण रचना हीच. 'मी' वेगळं बोललं नाही तरी चालतं आणि 'नाही'ला इथे सुटा शब्दच नाही. बोलणारा आणि त्याचा नकार, दोन्ही क्रियापदाच्या शेपटीत. तेवढी निसटली की नकाराचा होकार होतो. 'वातोर' म्हटलं की पुरुष आला हे पक्कं. 'वाता' म्हटलं तर बाई आली असेल, गाय आली असेल किंवा पाऊससुद्धा. मराठीला आला, आली, आलं यातलं एक निवडावंच लागतं. मग मला थांबून विचारावं लागतं, कोण?

मेक्सिकोतल्या नाहुआत्ल भाषेत बोलणारा कोण याचा भार क्रियापदाच्या पुढच्या टोकाला असतो. 'निनाकाक्वा' हा एकच शब्द घ्या: 'नि' म्हणजे मी, 'नाका' मांस, 'क्वा' खाणं. मी मांस खातो, वाक्य पूर्ण. आंद्रेस दे ओल्मोस या स्पॅनिश धर्मोपदेशकाने १५४७ मध्येच तिचं व्याकरण लिहिलं. आमच्या गोंडीचे भाषक २०११ च्या जनगणनेत २९ लाखांवर, तरी आठव्या अनुसूचीत तिला जागा नाही. म्हणून याच तालुक्यात मोहगावला २०१९ मध्ये सुरू झालेल्या गोंडी माध्यमाच्या शाळेचं मोल मला फार वाटतं.

जंगलावरच्या हक्काचा विषय निघाला की एखादी म्हातारी बोलायला उठते. आधी जंगल येतं, मग मोह, तेंदू, देवाची जागा. एकेक नाव सावकाश. टिपण घेणारा मध्येच "समजलं" म्हणतो आणि लिहायला लागतो. तिचं क्रियापद अजून यायचं असतं. ती देते म्हणते की देत नाही म्हणते, हे तिथेच ठरणार असतं आणि वनहक्क कायद्याने वजन दिलंय ते त्याच शब्दाला. ठराव लिहिणाऱ्यांना माझी एवढीच विनंती आहे: तिचं वाक्य संपेपर्यंत कागदावर पेन टेकवू नका, आणि शेवटचा शब्द नीट ऐकू आला नसेल तर तिलाच पुन्हा विचारा.