न आलेला जोड

२१ नोव्हेंबर १९८८ रोजी जपानच्या निन्टेंडो कंपनीने पत्रकारांना आपले आगामी खेळयंत्र, सुपर फॅमिकॉम, दाखवले. त्याच्यासोबत आणखी एक वस्तू होती: फॅमिकॉम अडॅप्टर. १९८३च्या फॅमिकॉमच्या कॅसेट नव्या यंत्राच्या जोडीने खेळता याव्यात, हा तिचा हेतू. सुपर फॅमिकॉम १९९०च्या नोव्हेंबरात बाजारात आला. अडॅप्टर कधीच आला नाही.

मला कुतूहल आहे ते या वस्तूच्या घडणीचे. नव्या यंत्राचा प्रोसेसर जुन्याच्याच कुळातला. जुन्या आज्ञा त्याला कळू शकत. पण चित्र आणि ध्वनी निर्माण करणारे भाग निराळे होते. त्यामुळे हा ‘अडॅप्टर’ म्हणजे वस्तुतः नव्या कवचातला अख्खा फॅमिकॉमच होता. (ज्याच्याकडे कॅसेट, त्याच्याकडे फॅमिकॉमही असणारच, मग हा घेणार कोण?) लीळाचरित्र शिकवताना हीच अडचण येते. वाक्य कळते, त्यातला आवाज ऐकू येत नाही. आणि टीपा वाढवत गेले की त्यांत अख्खे तेरावे शतक आणून बसवावे लागते.

आम्हा गोंदियाकरांना सांधे न जुळणे अपरिचित नाही. जबलपूरकडची नॅरोगेज ७६२ मिलिमीटरची, मुंबई-हावडा ब्रॉडगेज १६७६ची. डबा या रुळांवरून त्या रुळांवर जाणे अशक्य. माल उतरवून पुन्हा चढवावा लागे. हमालाची पाठ हाच तेथला अडॅप्टर. आता तीही वाट ब्रॉडगेज झाली आहे, आणि ती छोटी गाडी त्या वाटेवर चालणे शक्य नाही.

खेळांच्या बाबतीत मात्र आमच्याकडे उलट घडले. नव्वदच्या दशकात आपल्याकडे आलेले ‘टीव्ही गेम’ बहुतांशी फॅमिकॉमच्याच नकला होत्या. त्याच साठ पिनांच्या कॅसेट त्यांत बसत. सुपर फॅमिकॉम मी गोंदियात कोणाकडे पाहिला नाही. तिकडे जे मागे पडले, ते इकडे नवे म्हणून आले, त्यामुळे जोडाची गरजच उरली नाही. नकला बेकायदा होत्या, हे खरेच. तरी कंपनीने मांडून मागे घेतलेले काम त्यांनी नकळत केले, असे मला वाटते.

निन्टेंडोने २००३ मध्ये फॅमिकॉमचे उत्पादन थांबवले. माझा भाचा त्यानंतरही काही वर्षे पिवळी कॅसेट फुंकर मारून लावत असे. भारनियमनात वीज गेली की खेळ पुसला जाई; आली की तो पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरू करी.