सेलमधली मोटार

26 जानेवारी 2006 रोजी बिग बझारने 'सबसे सस्ता दिन' काढला, तेव्हा गर्दी आवरायला पोलीस बोलवावे लागले. 2022 साली ते नाव बाजारातून गेले. प्रजासत्ताकदिनाचे सेल मात्र राहिले.

गेल्या वर्षी मीही नाशिकच्या एका मॉलमध्ये, मुलाच्या हट्टापायी, रिमोटच्या मोटारीसाठी दोन तास रांगेत उभा होतो. 1200 ची 900 ला मिळाली. त्याच वेळी आमच्या विहारात धाकटी मुलगी संविधानाची उद्देशिका वाचत होती. घरी येताच म्हणाली, "पप्पा, मी एकदाही अडखळले नाही!"

मोटार पंधरा दिवसांत बंद पडली. बंधू-भगिनींनो, 300 रुपये वाचले खरे. पण लेकीचे ते वाचन मी ऐकले नाही, ते कुठल्या सेलमध्ये मिळणार?