यंदा समुद्राकाठी निवांत बसायचे!

आमच्या चकलांब्याकडची माणसे फिरत नाहीत असे कोण म्हणेल? दसरा-दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातून कोयते निघतात ते सांगली, कोल्हापूर, थेट कर्नाटकापर्यंत. आमच्या आईने कित्येक हंगाम ऊस तोडला. तिला मुलूख आमच्यापेक्षा जास्त ठाऊक. कोयता घरी ठेवून ती बाहेर पडली ती नागपूरला आणि दोनदा चैत्यभूमीला. दादरला समुद्र अगदी लागूनच, पण सहा डिसेंबरच्या रांगेत तो निवांत पाहायला कोणाला फुरसत?

म्हणून यंदा आम्ही ठरविले आहे, मे महिन्यात सहकुटुंब रायगड जिल्ह्यात जायचे. तोवर उसाचा हंगाम संपून धाकटा भाऊ परतलेला असतो आणि पोरांच्या परीक्षाही उरकतात. कोकणात तेव्हा घामाच्या धारा लागतात हे खरे, पण पावसाळ्यातल्या घाटापेक्षा घाम परवडला.

पहिला मुक्काम महाडला. २० मार्चला तिथे लाखो पाय लागतात. तो दिवस चळवळीचा. या खेपेला मात्र पोरांना चवदार तळ्याच्या पायरीवर बसवून सावकाश सांगायचे आहे. तळे सर्वांना खुले असल्याचा नगरपालिकेचा ठराव १९२४ चा. तो कागदावरच राहिला. बाबासाहेबांनी ओंजळ भरली १९२७ ला, आणि हायकोर्टाचा निकाल लागला १९३७ ला. टँकरपुढे घागरी मांडणाऱ्या आमच्या पोरींना पाण्याची किंमत वेगळी शिकवावी लागत नाही, पण ठराव आणि ओंजळ यांतले अंतर त्यांना कळले पाहिजे.

महाडजवळच गांधारपालेची बौद्ध लेणी आहेत. पायऱ्या चढाव्या लागतात, तेव्हा आई खाली सावलीत थांबेल. रायगड किल्ल्याला रोपवे आहे, म्हणजे शिवरायांची राजधानी तीही पाहील. तिथला खर्च आम्ही वेगळा धरला आहे. बी.कॉम. झालेला माणूस, आधी कागद करतो! आंबडवे मात्र पुढच्या खेपेला. एकाच सहलीत सगळे कोंबले की पोरांना फक्त एस.टी.ची खिडकी आठवते.

मग माणगाव-म्हसळामार्गे श्रीवर्धन. हरिहरेश्वरच्या खडकांवर लाटा जोराने आदळतात. लहान पोरांना श्रीवर्धनची वाळूच बरी.

यावर वस्तीतले एक जाणते गृहस्थ म्हणाले, "महाडला वंदन करा अन् परत या. वाळूत लोळायला पैसा वर आलाय का?" त्यांचा मान राखून आम्ही सांगितले, काका, ज्यांच्या पिढ्या राबण्यात गेल्या त्यांच्या पोरांनी दोन दिवस खेळू नये असे कुठे लिहिले आहे? सौ.चे म्हणणे तर आणखी सरळ आहे : "मला दोन दिवस चूल नको."

आता प्रवासाचा हिशेब. २०२३ पासून एस.टी.त बायकांना निम्मे तिकीट आहे, आणि आमच्या घरात बायकाच जास्त. गेवराईहून पुणे, तिथून ताम्हिणी घाट उतरून माणगाव, मग महाड. शेजारची दोन घरेही यायचे म्हणतात. त्यांनी होळीपर्यंत नक्की सांगितले तर भाड्याची जीप, नाहीतर लाल गाडी आहेच. आईने मात्र आत्तापासूनच विचारून ठेवले आहे की, तिकडे भाकरी मिळते का, की पीठ बरोबर घ्यायचे.