पाडव्याची ऑर्डर, दसऱ्याचं मशीन

पॅकिंग मशीनच्या कोटेशनमध्ये शेवटी एक ओळ असते: डिलिव्हरी 10 ते 12 आठवडे, एक्स-वर्क्स. मशीन घेणारा तीन महिने पुढची तारीख धरतो आणि त्या हिशोबाने व्यापाऱ्यांना माल द्यायचा शब्द देऊन बसतो. ती तारीख टळली की दोष बंदराला दिला जातो. जासई, दास्तान फाटा, न्हावा शेवा या पट्ट्यात कंटेनर यार्डं आणि ट्रेलरच्या रांगा रोज डोळ्यांसमोर असतात, त्यामुळे ‘बंदरात अडकलं’ हे कारण सहज पटतंही. मशीन मागवण्याच्या कामाच्या सान्निध्यात राहून माझं मत मात्र वेगळं झालं आहे. उशिराचा मोठा भाग मशीन कंटेनरमध्ये चढण्याआधीच, घेणाऱ्याच्या टेबलावर झालेला असतो. कोटेशनमधले ते आठवडे मोजायला सुरुवात होते ती ॲडव्हान्स जमा झाल्यावर, ड्रॉइंगला मंजुरी मिळाल्यावर आणि मालाचे व फिल्मचे नमुने पोचल्यावर. आणि ते संपतात ते बनवणाऱ्याच्या कारखान्याच्या दारात. तिथून आपल्या शेडमध्ये पहिलं विकण्याजोगं पाकीट निघेपर्यंतचा काळ त्या ओळीत कुठेच नसतो.

फरसाणाच्या पाऊचचं साधं मशीन घ्या. रोलवरची फिल्म एका धातूच्या कॉलरवरून वळते, नळीभोवती गुंडाळली जाते, उभी शिवण बसते, वरून वजन करून माल पडतो आणि आडवा जबडा पाऊच बंद करतो. ही कॉलर आणि नळी पाऊचच्या रुंदीनुसारच बनते. ऑर्डर दिल्यावर मालकाने किंवा मार्केटिंगवाल्याने 200 ग्रॅमचं पाकीट थोडं रुंद करायचं ठरवलं की अख्खा फॉर्मिंग सेट नवा करावा लागतो. त्याहून मोठी अडचण फिल्मची. मशीनवाला ट्रायलसाठी प्रत्यक्ष वापरायचा रोल मागतो. रोल छापायचा तर डिझाइन पक्कं हवं, मग ग्रॅव्ह्युअरचे सिलिंडर कोरायचे, छपाई, लॅमिनेशन, ते सुकून पक्कं होण्याचा वेळ, मग स्लिटिंग. यात आठवड्यांमागून आठवडे जातात आणि तोवर तयार मशीन ट्रायलविना उभं राहतं. कॉम्प्रेसर, नायट्रोजनची सोय, वाढीव वीजभार, तारीख छापणारा कोडर यांची ऑर्डर तर बरेचदा मशीन दारात आल्यावरच निघते.

समुद्राचा उशीर खोटा नाही. मार्च 2021 मध्ये एव्हर गिव्हन जहाज आडवं अडकून सुएझ कालवा सहा दिवस बंद पडला. 2023 च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाल्यावर अनेक कंपन्यांनी जहाजं आफ्रिकेला वळसा घालून नेली आणि युरोपच्या मालाला दहा दिवस ते दोन आठवडे जास्त लागू लागले. पण असा उशीर आधी धरून ठेवता येतो. पॅकिंग मशीनसाठी प्रसिद्ध असलेल्या इटलीतल्या बोलोन्या भागातले कारखाने ऑगस्टमध्ये सुट्टीवर जातात आणि चिनी नववर्षाला चीनमधलं काम थंडावतं, हे दर वर्षीचंच आहे. इथे न्हावा शेव्याला कंटेनर जेव्हा खरोखर रखडतो, तेव्हा अनेकदा कारण कागदात सापडतं: इन्व्हॉइस आणि पॅकिंग लिस्ट जुळत नाही, लाकडी खोक्यावर प्रक्रियेचा शिक्का नाही, किंवा शुल्कसवलतीचा ईपीसीजी परवाना अजून हातात नाही. फुकटचे दिवस संपले की यार्डाचं भाडं आणि शिपिंग लाइनचं डिटेंशन चढत जातं. बिल ऑफ एन्ट्री जहाज लागण्याआधीच भरता येतं, त्यामुळे क्लिअरिंग एजंटला कागद कधी द्यायचे हेही घेणाऱ्याच्याच हातात असतं.

यावर कोणी म्हणेल, करारात दंडाचं कलम घाला म्हणजे झालं. ते घालावंच, पण असा दंड सहसा आठवड्याला अर्धा टक्का आणि जास्तीत जास्त पाच टक्के एवढाच असतो. वीस लाखांच्या मशीनवर तो फार तर एक लाख होईल, आणि हुकलेली दिवाळी त्यात भरून निघत नाही. दुसरा आक्षेप पैशाचा: लवकर मागवलं तर भांडवल अडकतं. खरं आहे, पण वीस लाखांवर 12 टक्क्यांनी दोन महिन्यांचं व्याज 40 हजार होतं. ते मी हंगामाचा विमा समजेन. तिसरा आक्षेप, देशी मशीन घ्या. वसई, अहमदाबाद, फरिदाबादचे कारखाने चांगली मशीन बनवतात आणि दुरुस्तीला माणूस लवकर येतो, म्हणून मीही तोच सल्ला देईन. तरी त्यांतले पीएलसी आणि सर्व्हो, म्हणजे मशीन चालवणारी इलेक्ट्रॉनिक्स, बरेचदा बाहेरून येतात. 2021 च्या चिप-टंचाईची झळ त्यांनाही बसली. सर्वात वजनदार आक्षेप वेगळाच आहे. मशीन फार आधी आलं आणि शेड तयार नसली, तर वॉरंटी खोक्यातच खर्च होते, कारण ती बहुधा चालू केल्यापासून 12 किंवा रवाना झाल्यापासून 18 महिने, यांपैकी जे आधी संपेल तोवर असते. शिवाय कोकणातल्या जुलैत उघड्यावर ठेवलेल्या पॅनेलमध्ये ओल शिरते. म्हणून नुसती घाई करून भागत नाही. फरशी, वीज आणि मशीन एकाच आठवड्यात भेटतील असं बसवावं लागतं.

आता उलटं मोजू. दिवाळीचं फरसाण नवरात्राच्या सुमारास व्यापाऱ्याकडे पोचायला हवं, म्हणजे गणपतीनंतर लाइन पूर्ण वेगाने चालायला हवी. गणपतीत रायगडातली निम्मी माणसं सुट्टीवर असतात, तेव्हा जोडणी आणि ट्रायल त्याआधीच उरकावी लागते. यासाठी देशी मशीन जुलैच्या मध्यापर्यंत शेडमध्ये यायला हवं. त्यातून बनवण्याचे 12 आठवडे, ट्रायल आणि वाहतुकीचे दोन वजा केले की एप्रिलचा आरंभ येतो, म्हणजे पाडव्याच्या आसपासचे दिवस. परदेशी मशीन असेल तर आदल्या दिवाळीनंतर लगेच बोलणी सुरू करायला हवीत. दसऱ्याला चालत्या मशीनची पूजा करायची असेल, तर पाडव्याला फक्त ॲडव्हान्सचा चेक पुरत नाही. कोटेशन मागवण्याआधी पाऊचची रुंदी कागदावर सही करून पक्की करा, आणि मशीनच्या ऑर्डरसोबत त्याच दिवशी सिलिंडरची ऑर्डरही द्या.