राहू, केतू आणि प्लग-इन

आमच्या गावाचं नाव राहू. ते सांगितलं की ऐकणारा गृहस्थ एक पाऊल मागे सरकतो आणि हळूच विचारतो, "म्हणजे तो... पत्रिकेतला?" लग्न जमवायला परगावी गेलेल्या आमच्या मंडळींची यामुळे मोठी पंचाईत होते. मुलाच्या पत्रिकेत राहू कुठल्या तरी घरात असला तर एक वेळ चालतं. पण इथं मुलाचं घरच राहूत!

वास्तविक राहू हे दौंड तालुक्यातलं चांगलं नांदतं गाव. एका अंगाला मुळा-मुठा, दुसऱ्या अंगाला भीमा, पलीकडे शिरूर तालुका. दोन नद्यांच्या बेचक्यातल्या या मुलखाला 'राहू बेट' म्हणतात. बेट म्हटल्यावर नारळाची झाडं आणि वाळूत पहुडलेली गोरी माणसं डोळ्यांपुढे आणू नयेत. इथं ऊस आहे, उसानंतर गुऱ्हाळ आहे, आणि गुऱ्हाळानंतर पुन्हा ऊस आहे. अलीकडे उसात बिबटेही मुक्कामाला असतात; पण ते पत्रिका बघत नाहीत.

पुराणातल्या राहूची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. देवांच्या पंगतीत चोरून बसून तो अमृत प्यायला, विष्णूनं चक्र सोडलं आणि डोकं एकीकडे, धड दुसरीकडे झालं. डोकं तो राहू, धड तो केतू. दोघेही जिवंत, पण एकाला पोट नाही आणि दुसऱ्याला तोंड नाही. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. कारण लिनक्सवर व्हिडिओ पाहणं म्हणजे काय भानगड होती, हे सांगायला तिच्याइतका चांगला दाखला मला सापडलेला नाही.

लिनक्स आमच्या घरी 2009 साली आलं, तेही टपालानं. घरातला जुना कॉम्प्युटर सुरू होईपर्यंत गुऱ्हाळात एक आधण उतरायचं. पुण्याला इंजिनिअरिंग शिकणाऱ्या पुतण्यानं यावर उपाय म्हणून परदेशातून 'उबुंटू' नावाची सीडी मागवली. त्या काळी मागेल त्याला ती फुकट मिळायची. 2011 साली ही सोय बंद झाली. टपालखर्चसुद्धा पाठवणाऱ्याचा. उबुंटू हा आफ्रिकेतल्या भाषांमधला शब्द. 'आपण सगळे आहोत म्हणून मी आहे' असा काहीसा त्याचा अर्थ. पुतण्यानं हे सगळं समजावून सांगितलं. माझे थोरले बंधू आबा शांतपणे ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "फुकट पाठवलंय? मागनं वसुलीला माणूस येतोय बघ."

माणूस आला नाही. कॉम्प्युटर तरण्या खोंडासारखा पळू लागला. पत्रं लिहिता येऊ लागली, उसाचा हिशोब मांडता येऊ लागला, मराठी अक्षरं दिसू लागली. फक्त व्हिडिओ दिसेना. पान उघडावं, तर वर ठसठशीत मथळा, खाली मजकूर, आणि मधोमध राखाडी चौकोन. त्यात बारीक अक्षरांत निरोप : 'प्लग-इन हवे.' म्हणजे डोकं हजर, धड गायब. साक्षात राहू!

"प्लग पायजे?" आबा म्हणाले, "मग आण की गॅरेजातनं. मायकोचा आण, टिकतो."

"तो प्लग नाही आबा. हा ब्राउझरला लागतो."

"ब्राउझर पेट्रोलवर चालतंय का?"

पुतण्यानं मग मला बाजूला घेऊन शास्त्र सांगितलं. त्या काळच्या ब्राउझरला हलती चित्रं स्वतः दाखवता येत नसत. त्यासाठी वेगळं यंत्र बाहेरून जोडावं लागे, तेच प्लग-इन. बहुतेकांना फ्लॅश लागे. पण कुणाला रिअल प्लेअर हवा, कुणाला क्विकटाइम, तर कुणाला सिल्व्हरलाइट. म्हणजे आपण लग्नाला जावं, पंगतीत बसावं आणि वाढप्यानं म्हणावं, "बासुंदी आहे, पण ती आमच्याच दुकानच्या वाटीत वाढतो. मठ्ठ्याचा पेला समोरच्या दुकानातून घ्या." त्यातून लिनक्सवाले पडले स्वतंत्र बाण्याचे. त्यांच्या सामानात जे काही असतं ते उघडून बघता येतं, दुरुस्त करता येतं, शेजाऱ्याला देता येतं. ही वाटी मात्र तिच्या मालकानं कुलूपबंद केलेली. परवान्यांच्या आणि पेटंटांच्या अडचणीमुळे ती सीडीतही घालता येत नसे; आपली आपण मागाहून आणावी लागे.

ती आणण्याचा सोहळा मी पाहिलेला आहे. आधी एक फाइल उतरवायची. ती ब्राउझरच्या एका फोल्डरात ठेवायची. त्या फोल्डराचं नाव टिंबापासून सुरू होतं, आणि लिनक्समध्ये नावाआधी टिंब असलेलं फोल्डर सहसा दिसत नाही; जुन्या सुनेसारखं पडद्याआड राहतं. ते शोधून काढलं, तर कॉम्प्युटर 64 बिटांचा आणि प्लग-इन 32 बिटांचं. मग दोघांच्या मध्ये बसून बोलणी करणारा आणखी एक प्रोग्रॅम. मध्यस्थाशिवाय आमच्याकडे सोयरीक होत नाही, तसंच हे. 'नॅश' नावाचा फुकट आणि मोकळा पर्यायही होता. भल्या लोकांनी कुलपाआडची वाटी नुसती बाहेरून न्याहाळून घडवलेली. एखाद्या व्हिडिओला ती चाले, दुसऱ्याला गळे.

एवढं करून चित्र आलंच, तर आवाज नसे. आवाज आला, तर चित्र त्याच्या दोन पावलं मागे. आणि दोघांचं जमलं, की वीज जाई.

तरीही पुतण्यानं हट्ट सोडला नाही, याला कारण होतं. 2008 साली पुण्याच्या एका संस्थेची काही मुलं कॅमेरा घेऊन आमच्या गुऱ्हाळावर आली होती. आमचे चुलते तात्या हे गुळव्या. रस काहिलीत पडल्यापासून ढेप वळेपर्यंत त्यांच्या शब्दाबाहेर काही हलत नसे. भेंडीचं पाणी कधी घालायचं, मळी कधी काढायची, जाळ कधी ओढायचा, सगळं नजरेवर. थर्मामीटर त्यांनी जन्मात वापरला नाही. पाकाचा थेंब गार पाण्यात टाकायचा, बोटांनी गोळी वळायची आणि काहिलीच्या काठावर मारायची. आवाज ऐकला की म्हणायचे, "उतरवा!" मुलांनी ते सगळं टिपलं आणि संस्थेच्या संकेतस्थळावर लावलं. तात्यांनी स्वतः ते एकदाच पाहिलं. "बरा दिसतोय की मी," एवढंच म्हणाले.

2014 साली तात्या गेले. त्यांचा घरात एकच फोटो, तोही कुणाच्या तरी लग्नातला. त्यात पुढच्या पाहुण्याच्या फेट्यानं तात्यांचा अर्धा चेहरा खाल्लेला. बोलते-चालते तात्या राहिले फक्त त्या राखाडी चौकोनात.

दरम्यान जग पुढे सरकत होतं. 2012 साली अ‍ॅडोबी कंपनीनं जाहीर केलं, की लिनक्ससाठी सुटं फ्लॅश यापुढे नव्यानं निघणार नाही; जुन्यालाच ठिगळं लावून मिळतील. 2014 च्या ऑक्टोबरात एचटीएमएल-5 ला रीतसर मान्यता मिळाली. त्यात व्हिडिओ पानातच दाखवायची सोय होती. 2015 च्या जानेवारीत यूट्यूबनं फ्लॅशऐवजी तीच पद्धत नेहमीची केली. आणि 31 डिसेंबर 2020 ला फ्लॅशचा कारभारच आटोपला. नुसता आटोपला नाही, तर 12 जानेवारी 2021 पासून लोकांच्या कॉम्प्युटरवर असलेल्या फ्लॅशनंही चित्रं दाखवणं थांबवलं. विंडोज असो, लिनक्स असो, सगळीकडे सारखाच चौकोन.

"म्हंजी आता समद्यांचंच बंद?" आबांनी विचारलं. "मग काय हरकत न्हाई." आपली मोटर जळाली आणि शेजाऱ्याचीही जळाली, की माणसाला जो निवांतपणा येतो, तो आबांच्या चेहऱ्यावर पसरला.

हरकत होती ती काकींची. त्याच वर्षी तात्यांच्या श्राद्धाला त्या पुतण्याला म्हणाल्या, "बाळा, तुझ्या त्या डब्यात हे हायेत म्हनं. एकदा दाव की."

पुतण्यानं पान उघडलं. वर मथळा, खाली तात्यांच्या कसबाविषयी दोन ओळी, मध्ये राखाडी चौकोन. काकी चष्मा पुसून त्या चौकोनाकडे बघत बसल्या. कुणी काही बोलेना.

मग पुतण्यानं पानाची मागची बाजू उघडली, म्हणजे पान ज्या मजकुरापासून बनतं तो मजकूर. त्या इंग्रजी जंजाळात बोट फिरवता फिरवता तो एकदम थांबला. तिथं एका फाइलचा पत्ता होता, शेवटी 'एफएलव्ही' अशी अक्षरं. मेला होता तो दाखवणारा फ्लॅश. दाखवायची वस्तू संस्थेच्या कॉम्प्युटरवर धडधाकट पडून होती. डोक्यापासून तुटलेलं धड सापडलं होतं!

त्यानं ती फाइल सरळ उतरवून घेतली आणि व्हीएलसी नावाच्या प्रोग्रॅमात टाकली. पॅरिसजवळच्या एका कॉलेजातल्या विद्यार्थ्यांनी सुरू केलेला हा प्रोग्रॅम. बहुतेक जातींची चित्रं दाखवायचं सामान तो स्वतःच्या पोटातच घेऊन येतो, कुणाकडे वाटी मागत नाही. त्याची खूण म्हणजे रस्त्यावर ठेवतात तो नारिंगी शंकू. तो पाहून आबा म्हणाले, "रस्त्याचं काम निघालं का?"

तेवढ्यात तात्या दिसले. चित्र तळहाताएवढं, पण तात्या पुरे. काहिलीवर वाकलेले, वाफेत. मागे वळून ओरडले, "आरं, जाळ वढ म्हणतो न्हवं!" आणि चुलवाणाशी जन्म काढलेले आमचे आबा, वय वर्षे एकाहत्तर, खुर्चीतून अर्धे उठले. तात्यांनी गोळी वळली, काठावर मारली, कान दिला. "उतरवा!"

काकी डोळ्यांना पदर लावून होत्या. जरा वेळानं म्हणाल्या, "सदरा खांद्यावर उसवलाय. त्या दिशी म्हणलं हुतं, पावनी यायचीत, दुसरा घाला." मग म्हणाल्या, "परत लाव."

ते सहा वेळा लागलं. पुतण्यानं रात्रीच एफएफएमपेग नावाच्या हत्यारानं त्याची साधी एमपी-4 फाइल केली. आता ती घरातल्या प्रत्येक फोनवर चालते. जुन्या फ्लॅशमधले खेळ आणि हलती चित्रं जिवंत करायला 'रफल' नावाचा मोकळा प्रोग्रॅमही काही हौशी मंडळींनी केला आहे. अशी माणसं जगात आहेत म्हणून राहू-केतूंची भेट अधूनमधून होते. तरी मी घरात सांगून ठेवलंय, की टिकवायची वस्तू परक्याच्या कुलपात ठेवू नये. तात्या गूळ काहिलीत ठेवत नसत, ढेप करून घरी आणत.

आबांना मात्र एकच कोडं पडलं आहे. "बिगरप्लगचं चालतंय, तर पहिल्यापास्नं प्लग लावला कशाला?" असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारतात. प्रश्न रास्त आहे. जगातल्या मोठमोठ्या तज्ज्ञांना तो सोडवायला 2014 साल उजाडलं. आबा त्या वेळी गुऱ्हाळावर होते, एवढंच.