पंचावांचून खेळ

अडतीस वर्षें मीं शाळेंत संस्कृत शिकविलें, आणि त्यांतील बराच काळ खो-खोच्या सामन्यांत पंच म्हणूनहि उभा राहिलों. शिट्टी माझ्या गळ्यांत जानव्याइतकीच ठरलेली. पंच नसेल तेथें खेळ नव्हे, कलह होतो, असें माझें ठाम मत होतें.

गेल्या नाताळच्या सुटींत नातू मुंबईहून कर्जतास आला तो प्लास्टिकची एक पांढरी तबकडी घेऊनच. उल्हासकांठच्या ज्या खाचरांत भातामागून वाल पेरले नव्हते, तेथें आळींतील मुलें जमूं लागलीं. खालापूर तालुक्यांतील दोनचार खोपोलीच्या गाडीनें येऊं लागलीं. खेळाचें नांव अल्टिमेट. एका बाजूस सात गडी असावे लागतात. आमच्याकडे पांच जमले तरी पुष्कळ! तबकडी हातीं आली कीं धांवणें बंद. समोरच्यानें दहा आंकडे मोजण्याच्या आंत ती दुसऱ्याकडे फेंकावयाची. पलीकडच्या पट्ट्यांत आपल्या गड्यानें झेलली कीं गुण. अंगास अंग लावावयाचें नाहीं.

मीं हौसेनें शिट्टी काढली. नातू म्हणाला, "आजोबा, ह्यांत पंच नसतो."

मागाहून मीं माहिती काढली. १९६८ सालीं अमेरिकेंत न्यू जर्सी प्रांतांतील मेपलवुड गांवीं कोलंबिया हायस्कुलाच्या मुलांनीं हा खेळ सुरू केला. मोटारी उभ्या करण्याच्या आवारांत ते खेळत. १९७० सालीं त्यांच्यापैकीं तिघांनीं नियम लिहिले. आपल्याकडे १९१४ सालीं पुण्यास डेक्कन जिमखान्यानें खो-खोचे नियम बांधावयास घेतले, तें काम जाणत्या मंडळींचें. तेथें विद्यार्थ्यांनींच सूत्रें रचलीं! २०१५ सालीं आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनें ह्या खेळाच्या जागतिक संघास मान्यता दिली, तरी निवाडा अद्याप खेळाडूंचाच.

एका संध्याकाळीं तबकडी झेलतांना एक मुलगी पडली. "धक्का लागला," ती म्हणाली. "नाहीं लागला," मुलगा म्हणाला. मीं बांधावरून सारें पाहिलें होतें. निर्णय ओठांवर होता. पण माझ्याकडे कोणी पाहिलेंसुद्धां नाहीं. दोघें क्षणभर बोललीं, एकमत होईना, तेव्हां तबकडी फेंकणाऱ्याकडे परत गेली आणि खेळ पुढें सुरू झाला. नियमच तसा आहे.

त्या मुलीचा बाप माझ्या शेजारीं उभा होता. तो माझाच जुना विद्यार्थी. एका सामन्यांत मीं त्याला बाद दिलें होतें. "गुरुजी, हात लागला नाहीं," असें तो काकुळतीनें सांगत होता. "पंचाशीं वाद घालूं नकोस," म्हणून मीं त्याला बाहेर बसविलें. त्यानंतर तो खो-खोच्या मैदानावर फिरकला नाहीं. वास्तविक मला तेव्हां नीट दिसलेंच नव्हतें. मध्यें दुसरा गडी आडवा आला होता. हें मीं कधीं कोणापाशीं बोललों नव्हतों.

त्या संध्याकाळीं त्याला सांगितलें. तो बराच वेळ खाचराकडे पाहत राहिला.

"खरेंच नव्हता लागला, गुरुजी," एवढेंच म्हणाला, आणि खोपोलीची गाडी गांठावयाची म्हणून त्यानें मुलीला हांक मारली.